ऑपरेटरचा पश्चात्ताप

माझे बाबा मरताना नरकाच्या भीतीने थरथर कापत होते, ही बातमी मला ते गेल्यानंतर चौदा महिन्यांनी, एका सोमवारी सकाळी अकरा वाजता, ऑफिसातल्या माझ्याच टेबलावर मिळाली. संपादकांनी आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांच्या नव्या पुस्तकाची प्रुफं माझ्यापुढे टाकली होती आणि त्यातल्या सातव्या प्रकरणाचं नाव होतं 'एका ऑपरेटरचा पश्चात्ताप'. बाबा गेले तेव्हा मी त्यांच्या खाटेला टेकून बसले होते. माझा डावा हात त्यांच्या मुठीत होता. ती मूठ हळूहळू थंड पडली, सैल झाली, पण थरथरली म्हणून नाही. मी ते पान दोनदा वाचलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आधी माझं काम सांगते. आमचं साप्ताहिक चर्चच्या मंडळीतल्या घराघरात जातं आणि शेवटून दुसऱ्या पानावर माझं सदर असतं. गाजलेले सिनेमे आणि हातोहात खपणाऱ्या रहस्यकथा विश्वासू माणसाने पाहाव्यात-वाचाव्यात की नाही, ते मी सांगायचं. त्यासाठी ऑफिसचा छापील तक्ता आहे. शिव्या किती, खून किती, चुंबनं किती, दारू किती वेळा, देवाच्या नावाची थट्टा किती वेळा. पेन्सिल घेऊन थिएटरात बसायचं, अंधारात रेघा मारायच्या, घरी येऊन त्या मोजायच्या आणि शून्य ते पाच तारे द्यायचे. एकोणीस वर्षं मी हे करतेय. ऑफिसात मला कात्री म्हणतात. उपासनेनंतर बायका मला गाठून सांगतात, तुझं सदर वाचल्याशिवाय आम्ही सिनेमाच ठरवत नाही बाई. पुढे कळतं की ज्याला मी शून्य तारे देते, त्याची तिकिटं आधी संपतात.

हे काम मला जमायचं ते बाबांमुळे. ते थिएटरात ऑपरेटर होते. एकतीस वर्षं त्यांनी प्रोजेक्टरच्या खोलीत काढली, आणि सगळे त्यांना ऑपरेटरच म्हणायचे, आईसुद्धा रागावली की म्हणायची. रविवारी सकाळी खेळ असायचा म्हणून चर्चला जाणं व्हायचं नाही. पुढे नोकरी संपली, खेळ संपले, तरी होईना. 'तुमच्या पाळकांचं प्रवचन मध्यंतराशिवाय असतं, माझ्या पाठीला झेपत नाही,' असं ते म्हणायचे. मी तक्ता भरायला बसले की खुर्ची ओढून शेजारी बसायचे. 'सत्तावीस खून? सव्वीस लिही. तो गच्चीवरून पडला तो मेलेला नाही. दुसऱ्या भागात येतो की नाही बघ.' आणि तो येऊन हजर व्हायचा.

सिनेमापेक्षाही त्यांचा जीव रहस्यकथांवर. जुन्या पुस्तकांच्या दुकानातून आणलेल्या दोनशेच्या वर कादंबऱ्या आमच्या बाहेरच्या खोलीत फळीवर होत्या. आणि त्याच खोलीत दर बुधवारी सकाळी आईची महिला प्रार्थनासभा भरायची, अजूनही भरते. आता कल्पना करा, बायका डोळे मिटून प्रार्थना करताहेत आणि डोळे उघडले की समोर सुरा, रक्त आणि अर्धवट बटणं लावलेली बाई. आईने पुस्तकं जाळली नाहीत की आकांडतांडव केलं नाही. चर्चचं गेल्या वर्षीचं कॅलेंडर तिने खिळ्यावरून काढलं, एकेका महिन्याचं पान सोडवलं आणि एकेका पुस्तकाला कव्हर घालून टाकलं. दर वर्षी बारा. खुनाला कबुतर, विषप्रयोगाला लिलीची फुलं, बँकेवरच्या दरोड्याला शांत सरोवर. बायका फळीकडे बघून म्हणायच्या, ऑपरेटरसाहेब भक्तिपर खूप वाचतात हो. आई चेहऱ्यावरची रेषही न हलवता म्हणायची, 'वाचतात बाई, जेवायची शुद्ध राहत नाही.' यात खोटं काहीच नव्हतं.

असा माणूस त्या सातव्या प्रकरणात ओळखू येत नव्हता. त्यात एक पापी म्हातारा होता, ज्याने आयुष्यभर अंधाऱ्या खोलीत बसून लोकांना पाप दाखवलं. तो दवाखान्यात मरणाला टेकला होता. पाळक दारात दिसताच त्याच्या अंगाला कापरं भरलं. मेंढपाळाचं चित्र असलेलं एक भक्तिपर पुस्तक छातीशी घट्ट धरून तो ओक्साबोक्शी रडला. 'मी आयुष्य अंधारात घालवलं, मला प्रकाश दाखवा,' असं म्हणाला. मग आपल्या मुलीला त्याने आज्ञा केली की घरातलं एकूण एक अभद्र पुस्तक जाळून टाक. मुलीने रडत मान डोलावली आणि म्हाताऱ्याचा चेहरा उजळला, त्याच क्षणी त्याचे प्राण गेले. ती दोनशे पुस्तकं माझ्या पलंगाखाली दोन ट्रंकांमध्ये आहेत. दर महिन्याला मी त्यांच्यावरची धूळ पुसते.

मी एकोणीस वर्षं सिनेमे मोजलेत, मला हा शेवट पाठ आहे. बॉम्ब फुटायला दोन सेकंद उरलेली असतात आणि हिरो बरोबर तीच वायर कापतो. तिकीट काढून आलेल्या माणसाला ते चालतं, कारण समोर बॉम्ब नाही हे त्याला माहीत असतं. इथे मात्र खरा माणूस मेला होता, आणि ज्याला सत्य सांगण्याचीच दीक्षा दिली आहे त्याने त्याच्या मरणाचा क्लायमॅक्स करून ठेवला होता. ज्या सिनेमांना मी शून्य तारे दिले, त्यांतल्या एकानेही 'हे खरं घडलंय' असा दावा केला नव्हता. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात ते हेच, आणि वर त्याला साक्ष म्हणायचं!

मी प्रुफं उचलली आणि संपादकांच्या टेबलावर आदळली.

"साहेब, हे खोटं आहे. सातवं प्रकरण. हा म्हातारा माझा बाप आहे."

संपादक भला माणूस, पण अंक वेळेवर निघाला की त्याचं जग सुरळीत चालतं. "नाव कुठे दिलंय?" तो म्हणाला.

"आपल्या मंडळीत ऑपरेटर कितीजण होते?"

"अगं, चांगलंच तर लिहिलंय. तारण झालं त्यांचं. दुसरी एखादी असती तर पेढे—" तो थांबला. "हे बघ, रविवारी प्रकाशन आहे. पहिली प्रत तुझ्या आईच्या हातात द्यायची ठरलंय, दोन शब्द बोलणार आहेत त्या. पाळकसाहेबांनी त्यांना प्रकरण वाचायला पाठवलंय. मला शुक्रवारपर्यंत परीक्षण दे. पाच तारे."

"आईला पाठवलं?"

"उद्या मिळेल. आणि तुला शंकाच असेल तर आपल्या तक्त्यात बसवून बघ. एक तरी शिवी सापडते का सांग."

मी खरोखरच बसवून बघितलं. रागात माणूस काय काय करतो! नवा तक्ता घेतला आणि सातवं प्रकरण ओळीओळीने तपासलं. शिव्या शून्य. खून शून्य. चुंबनं शून्य. दारू शून्य. देवाच्या नावाची थट्टा शून्य. इतका स्वच्छ तक्ता मी आयुष्यात भरला नव्हता. दहा आज्ञांमध्ये खोट्या साक्षीची आज्ञा लहानपणी घोकून घेतलेली मी, आणि एकोणीस वर्षं ज्या कागदावर लोकांचं बरंवाईट ठरवत होते त्यात खोट्यासाठी रकानाच नव्हता. तक्ता बनवणाऱ्याचा राग आला, मग आठवलं की दहा वर्षांपूर्वी तो सुधारून द्यायला मलाच सांगितलं होतं, आणि मी फक्त सिगारेटचा रकाना वाढवला होता.

मंगळवारी आईला प्रकरण मिळालं. मी घरी आले तेव्हा ते पाकीट फोडलेलं होतं आणि आई भाजी निवडत होती. मी विचारलं, वाचलंस? ती म्हणाली, हो. आणि पुढची जुडी उचलली. पुढे विचारायचा मला धीर झाला नाही. चाळीस वर्षं या बाईने नवऱ्यासाठी गुडघे टेकले होते. तो मेल्यावर आपल्याला पुन्हा भेटणार की नाही, हा एकच प्रश्न तिला होता. कोणाला म्हणून तिने तो बोलून दाखवला नाही, पण भिंतीपलीकडून तिची प्रार्थना ऐकत मी मोठी झाले आहे. आता कोणीतरी तिला छापून दिलं होतं की हो, भेटणार. मी ते हिसकावून घ्यायचं? आणि नाही घेतलं, तर रविवारी शेकडो लोकांसमोर उभी राहून तीच त्या थापेवर सही करणार होती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणजे काय, ते त्या संध्याकाळी कळलं.

म्हणून बुधवारी दुपारी मी पाळकसाहेबांकडे गेले. चर्चच्या मागे त्यांची खोली आहे, भिंतभर पुस्तकं आणि एक पंखा, जो फिरण्यापेक्षा वाजतो जास्त. मी त्या माणसाबद्दल उगीच वाईट सांगणार नाही. दोन बस बदलून, भर उन्हात दवाखान्यात येणारा तो एकटाच होता. बाकीच्या मंडळीने फुलं पाठवली.

"बस," ते म्हणाले.

"बसायला नाही आले. बाबा थरथरत नव्हते, साहेब. रडले नाहीत. पुस्तकं जाळ म्हणाले नाहीत. तुम्ही तिथे दहा मिनिटं होतात, मी सहा दिवस होते."

त्यांनी चष्मा काढला. "मुली, साक्ष म्हणजे पोलिसांचा पंचनामा नव्हे. प्रसंगाचा अर्थ पोचवावा लागतो. तूच तुझ्या सदरात लिहितेस ना, लोक तीन तास खिळून बसतात, डोळे पुसत बाहेर येतात, कशासाठी, तर एका खोट्या गोष्टीसाठी. मग आपल्या खऱ्या गोष्टीने त्यांना का रडवू नये?"

"खरी असेल तर रडवा की!"

"प्रकाशक म्हणाले, सातव्या प्रकरणाला वळण पाहिजे. तोवर वाचक थकलेला असतो." हे बोलून त्यांना स्वतःलाच ओशाळं झालं असावं, कारण त्यांनी टेबलावरचे कागद विनाकारण सारखे केले. "थोडं रंगवलं असेल. पण मूळ गोष्ट तशीच आहे."

"मूळ गोष्ट? बाबा तुम्हाला काय म्हणाले ते आठवतंय का?"

"काहीतरी चेष्टा केली होती. सवय होती त्यांना. नेमके शब्द आता लक्षात नाहीत."

"माझ्या आहेत. ते म्हणाले—"

"आणि स्तोत्रांचं काय?" त्यांचाही आवाज आता चढला. "ते मी रचलं का? अंत्यविधीच्या दिवशी तुझ्या आईने माझा हात धरून सांगितलं. लेक त्यांना शेवटच्या श्वासापर्यंत स्तोत्रं वाचून दाखवत होती, ते ऐकत ऐकत गेले. मी स्वतः तुझ्या मांडीवर पुस्तक बघितलं, मेंढपाळाचं चित्र होतं त्यावर. जो माणूस स्तोत्रं ऐकत जातो तो पश्चात्तापाशिवाय जातो का? बाकीचं मी त्या एका गोष्टीवर उभं केलंय. ती खोटी असेल तर सांग, आत्ता प्रकरण काढतो."

इथपर्यंत मी एक गोष्ट सांगितलेली नाही. ती सांगायची माझी इच्छाही नव्हती.

मी स्तोत्रं वाचत नव्हते. एका दीपगृहात सापडलेल्या प्रेताची कादंबरी वाचत होते. बाबांची नजर गेली होती, पुस्तक अर्धं राहिलं होतं आणि त्यांना खुनी कोण हे कळल्याशिवाय चैन नव्हतं. त्या दुपारी आई अंघोळीला म्हणून घरी गेली होती. ती परत आली तोवर सगळं संपलं होतं. तिचे केस ओले होते, पिशवीत बाबांसाठी धुतलेला सदरा होता. तिने त्यांच्या कपाळावर हात ठेवला आणि मला विचारलं, काय वाचत होतीस? मी पुस्तक पिशवीत सरकवलं आणि म्हणाले, स्तोत्रं. एकच शब्द. त्या क्षणी तिला दुसरं काय द्यायचं? असं मला वाटलं. आणि तो शब्द तिने जपून ठेवला, दुसऱ्या दिवशी पाळकांना दिला, आणि पाळकांनी त्याचं पुस्तक केलं.

चोराच्या मनात चांदणं. मी पाळकसाहेबांसमोर उघडं तोंड मिटलं. मला आई दिसत होती, पण खरं सांगायचं तर फक्त आई दिसत नव्हती. माझं सदरही दिसत होतं. एकोणीस वर्षं ज्या बाईने आयांना सांगितलं, असली पुस्तकं मुलांच्या हाताला लागू देऊ नका, ती स्वतःच्या मरणाऱ्या बापाला खुनाची गोष्ट वाचून दाखवत होती! सगळ्या मंडळीला हे कळलं असतं.

"म्हणजे खरी आहे," ते नरम होऊन म्हणाले. "जा घरी. रागात माणूस बापालाही नीट आठवत नाही."

मी घरी गेले. वाटेत मी पाळकांना जेवढ्या शिव्या मनात दिल्या, तेवढ्या मोजल्या असत्या तर तक्त्याला दुसरं पान जोडावं लागलं असतं. आणि अर्ध्या रस्त्यात लक्षात आलं की त्यांतल्या निम्म्या माझ्यासाठी आहेत. शुक्रवारी मी संपादकांच्या हातात तो शून्यांचा तक्ता ठेवला आणि ताऱ्यांची जागा कोरी सोडली. तो म्हणाला, तारे मी भरतो. मी त्याला अडवलंही नाही.

शनिवारी दुपारी आई उद्याचे कपडे इस्त्री करत होती. टेबलाच्या कडेला एक चिठ्ठी होती, मंचावर बोलायचे दोन शब्द तिने लिहून काढले होते. तिचं अक्षर अजून गोल आहे. मी दारात उभी राहिले. आता नाही तर कधीच नाही, एवढं मला कळत होतं.

"आई, उद्या जाऊ नकोस."

"का?"

"ते प्रकरण खोटं आहे."

तिने कॉलर उलटी केली आणि दुसऱ्या बाजूने इस्त्री फिरवली. "मेंढपाळ," ती म्हणाली.

"काय?"

"लिहिलंय ना त्यांनी, मेंढपाळाचं चित्र. मेंढपाळ म्हणजे त्या वर्षीच्या कॅलेंडरचा मार्च महिना. मार्चचं पान मी त्या दीपगृहाच्या पुस्तकाला घातलं होतं, ह्यांनीच आणून दिलं होतं, ह्याला चांगलं कव्हर घाल म्हणून. स्तोत्रांच्या पुस्तकाला मी कव्हर कशाला घालू?" तिने इस्त्री उभी केली. "मंगळवारपासून वाट बघतेय, ही कधी तोंड उघडते."

मी खुर्चीत बसले. "तुला राग नाही आला?"

"राग?" आणि मग तिला आला. माझी आई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे आणि तिचा आवाज चढलेला मी बोटावर मोजण्याइतक्या वेळा ऐकलाय. "चौदा महिने! चौदा महिने त्या शब्दावर मी जगले. अगं, जगाच्या शिव्या मोजत फिरतेस आणि आईला तोंडावर थाप मारतेस? काय वाटलं तुला, मी भांडले असते? मेलेल्या माणसाशी?"

"तुला वाईट वाटलं असतं."

"माझ्या वाइटाचा ठेका तुला कोणी दिला? दोनशे पुस्तकांना कव्हरं घातली ती मी. त्यात काय होतं ते मला माहीत नव्हतं? त्यांच्या कानावर शेवटी ते पुस्तक होतं म्हटलं असतंस तर मी म्हटलं असतं, बरं झालं, आवडीचं काहीतरी होतं. पण तुम्हा दोघांना, तुला आणि त्या पाळकाला, मी म्हणजे काचेचं भांडं वाटते. हा तिकडून गुंडाळतो, तू इकडून गुंडाळतेस."

ती माझ्यासमोर बसली. राग ओसरला नव्हता, पण त्याखाली दुसरं काहीतरी होतं आणि ते विचारायला तिला जड जात होतं. तिने चिठ्ठी उचलली, घडी घातली, परत उलगडली.

"एक विचारते. खरं सांग. एक शब्द इकडचा तिकडे करायचा नाही. ते घाबरले होते का?"

"नाही."

"नीट आठवून सांग."

"नाही, आई. असं का विचारतेस?"

"वर्षभर बुधवारच्या सभेत पाळक ती गोष्ट सांगतात. नाव घेत नाहीत, पण सगळ्या बायका माझ्याकडे बघतात. एक म्हातारा, थरथर कापत होता, दात वाजत होते. मग तारण झालं म्हणतात, सगळ्या आमेन म्हणतात, मीही म्हणते. आणि त्या गेल्या की बाथरूममध्ये नळ सोडून बसते." तिचा आवाज फुटला. "तारण झालं, तर आनंद व्हायला पाहिजे ना? पण मला नुसते ते दात वाजताना ऐकू यायचे. माझा माणूस भीतीने कापत होता आणि मी घरी अंघोळ करत होते. आणि कुणाला विचारणार? तू तर म्हणालीस, स्तोत्रं."

बुधवारी मी ऑफिसात असते. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मला वाटत होतं, थाप तिला ऊब देतेय, आणि इकडे ती थाप दर आठवड्याला तिला सोलून काढत होती. पाळकांचा मला आला नव्हता इतका राग त्या क्षणी मला माझा आला. त्यांनी गोष्टीत दात वाजवले, पण ते वाजत नव्हते हे माहीत असलेली जगात एकच बाई होती आणि ती गप्प बसली होती.

मग मी सगळं सांगितलं. पाळकसाहेब दोन वाजता आले, स्टूल ओढून बसले. मी पुस्तक मांडीवर उपडं ठेवलं. त्यांनी बाबांना स्वर्गाचं वर्णन सांगायला सुरुवात केली, सोन्याचे रस्ते, मोत्यांची दारं, तिथे रात्र कशी नसते. बाबांनी थोडा वेळ ऐकलं. मग तोंडावरचा मास्क हाताने वर उचलला.

"आणि म्हणाले, 'साहेब, शेवट सांगू नका हो. मी निघालोच आहे बघायला.'"

आई माझ्याकडे बघत राहिली. "असं म्हणाले?"

"अगदी असंच."

"रागाने?"

"हसत. दम लागला होता, पण हसत. मग डोळे मिटून पडले. पाळकांना वाटलं प्रार्थनेसाठी मिटले, त्यांनी घाईने प्रार्थना आटपली आणि गेले. ते गेल्यावर बाबा मला म्हणाले, वाच पुढे, घाई करू नकोस. मी अकरा पानं वाचली. मध्ये एकदा म्हणाले, खुनी तो डॉक्टर असणार. मग काही बोलले नाहीत. मी वाचत होते, आणि हात सैल झाला."

आईने दोन्ही हात तोंडावर घेतले. मला वाटलं रडतेय, आणि ती रडतही होती, पण तिचे खांदे ज्या तऱ्हेने हलत होते ते नुसत्या रडण्याचं नव्हतं. "मेला ऑपरेटर," ती म्हणाली, "एकतीस वर्षं लोकांना सांगत आला, शेवट फोडू नका, शेवट फोडू नका." मग डोळे पुसले. "निघालोय बघायला म्हणाले. जिथे काहीच नाही तिथे कोणी बघायला निघतं का? मी चाळीस वर्षं जे मागत होते ते त्यांनी एका वाक्यात सांगून टाकलं. आणि ते वाक्य एकाने फेकून दिलं आणि दुसरीने लपवलं."

ती उठली. चिठ्ठीचे तिने सावकाश चार तुकडे केले. मग फोन घेतला आणि पाळकसाहेबांचा नंबर लावला. तो तिला पाठ आहे.

"पाळकसाहेब, मी बोलतेय. उद्या मी येणार नाही... नाही, तब्येत चांगली आहे. ते सातवं प्रकरण काढून टाका... छापून झालं असेल तर पान फाडा, मला विचारू नका कसं. आणि बुधवारी माझ्या घरी येऊन ती म्हाताऱ्याची गोष्ट परत सांगायची नाही." पलीकडून ते बराच वेळ बोलत होते. आई ऐकत होती, मान हलवत नव्हती. "का, ते माझ्याकडून नका ऐकू. सुरुवात जिने केली तिच्याकडून ऐका."

तिने फोन माझ्यापुढे धरला.

सोमवारी ऑफिसात काय होईल, सदर राहील की जाईल, उपासनेनंतर बायका मला गाठतील की टाळतील, हे सगळं त्या दोन पावलांच्या अंतरात मला दिसलं. आई हात लांब करून उभी होती आणि तिचा हात जरासुद्धा खाली येत नव्हता.

मी फोन घेतला. "साहेब, मी स्तोत्रं वाचत नव्हते. खुनाची कादंबरी वाचत होते. आईला मी खोटं सांगितलं, आणि तिने ते तुम्हाला खरं म्हणून सांगितलं."

पलीकडे तो पंखा वाजत होता.

"घाबरले नव्हते," आईने बाजूने सांगितलं. "ते सांग."

मी तेही सांगितलं.